सहदेवचं नेटवर्क कार्ड

आमच्या वाडीतला सहदेव मोंडकर इतका हट्टी, की होडीच्या इंजिनाला मेकॅनिकचाही हात लागू द्यायचा नाही. २००७ साली त्याने जुना लॅपटॉप घेतला, मासिकाबरोबर फुकट आलेलं लिनक्स त्यावर चढवलं आणि बाजूच्या खाचेत नेटवर्क कार्ड बसवलं. कार्ड मिनिटभर चाले आणि बंद पडे. मग मालवणच्या सायबर कॅफेत बसून, कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, लिहिणाऱ्या जर्मन माणसाला सहदेव तक्रारीवर तक्रारी धाडू लागला.

एका सकाळी तो समुद्रावरून लवकर परतला. बायको, विमला, पडवीत बसून खोबरेलाच्या फडक्याने तेच कार्ड पुसत होती. सहदेवने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"खारो वारो लागता, म्हणान रोज तेल लावतंय," ती म्हणाली. "आपल्या इंजिनाक कधी गंज चढलो?"

त्याने स्पिरिटने कार्ड घासून पुन्हा बसवलं. दिवा लागला तो लागलेलाच राहिला. पहिलीच मेल उघडली ती त्या जर्मन माणसाची: चूक माझीच होती, महिनाभर खपून ड्रायव्हर नव्याने लिहिलाय, आता चालतंय का ते कळवा.

त्या भल्या माणसाला काय कळवायचं, हे सहदेवला अजून सुचलेलं नाही.