आधी सांगायचं, मग उचलायचं

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत काढली. लोकांची कपाटं, फ्रिज, पलंग एका घरातून उचलायचे आणि दुसऱ्या घरात ठेवायचे. कंपनीत त्यांना 'क्रेन' म्हणत. क्रेनशी त्यांचं आणखी एका बाबतीत जमायचं: तीही बोलत नाही. लग्न ठरलं तेव्हा ताईला वाटलं, मुलगा शांत दिसतोय. पुढे कळलं, की तेवढंच आहे.

पंचेचाळिशी उलटली आणि मालकाने ट्रक विकून कंपनी बंद केली. बाकीच्या कंपन्यांना पंचविशीतले खांदे हवे होते. दाजी घरी बसले. घरी बसलेला गप्प माणूस फार जागा अडवतो. शेवटी ताईनेच शोधून काढलं, की मोठ्या हॉस्पिटलात रुग्णसेवक तयार करण्याचा वर्ग निघालाय, तोही खास नोकरी गेलेल्या प्रौढांसाठी. पास झालं की तिथेच नोकरी.

"तुम्हाला उचलायचंच येतं ना? मग माणसं उचला," ती म्हणाली. दाजी गेले.

वर्गात सगळेच आपापल्या धंद्याची खोड बरोबर घेऊन आले होते. फोटो स्टुडिओ बुडालेले एक गृहस्थ ताप मोजताना रुग्णाला "हनुवटी जरा वर, हलू नका" म्हणत. शिकवणाऱ्या सिस्टरांनी हात टेकले नाहीत याचं मला कौतुक आहे. मी असतो तर पहिल्याच आठवड्यात पळ काढला असता.

प्रात्यक्षिक परीक्षेत सिस्टर स्वतःच रुग्ण होऊन पलंगावर आडव्या झाल्या. "मला खुर्चीत बसायचंय, पण त्याआधी" एवढं त्या पलंगावर म्हणाल्या, आणि "थोडं पाणी हवंय" हे खुर्चीत. मधल्या वेळात दाजींनी काम उरकलं होतं. वर, नीट बसल्याची खात्री म्हणून, कपाटाला थोपटतात तसं त्यांच्या डोक्यावर दोनदा थोपटलं.

"नापास," सिस्टर म्हणाल्या.

"का? ओरखडा आलाय का कुठे?"

"ओरखड्याचा प्रश्नच नाही. आधी सांगायचं, विचारायचं, मग हात लावायचा. मी काय फ्रिज आहे?"

त्या दिवशी घरी आल्यावर दाजींनी आमच्या फ्रिजकडे एकदा नीट पाहून घेतलं.

फेरपरीक्षा एकदाच मिळणार होती. तीही हुकली तर ही नोकरी गेली, आणि या वयात दुसरी कोण देणार? ताईला झोप लागेना. काळजी मलाही होती; पण 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' असं मी तिच्यासमोर बोलून बसलो, आणि त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

सराव घरीच सुरू झाला. माणसांशी बोलायची लाज, म्हणून दाजींनी कपाटापासून सुरुवात केली. "आता तुम्हाला जरा डावीकडे सरकवतो हं." मग टेबल. टेबलाला त्यांनी अहो-जाहो केलं. मला लग्नापासून अरे-तुरे आहे.

दोन-चार दिवस हे पाहून ताई वैतागली. "अहो, घरात खराखुरा रुग्ण आहे. त्यांना विचारा की!"

रुग्ण म्हणजे दाजींचे वडील, अप्पा. जिन्यावरून पडल्यापासून अंथरुणाला खिळलेले. त्यांना उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं सगळं दाजीच करत, मन लावून आणि मूग गिळून. अप्पाही तसेच. बापलेक एकाच माळेचे मणी.

दाजी पलंगाशी उभे राहिले. घसा साफ केला.

"अप्पा, आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतो. चालेल?"

अप्पांनी बराच वेळ छताकडे पाहिलं.

"नाही. उजव्या. डावा खांदा दुखतो."

"कधीपासून?"

"पडलो तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलंस कधी? आलास की उचललंस."

दाजींनी त्यांना उजव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली आणि बाहेर येऊन कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. ते रडत होते. मी पाहिलं म्हणून सांगतो. ते स्वतः सांगायचे नाहीत.

फेरपरीक्षेची हकिकत नंतर फोटोवाल्यांकडून कळली. या खेपेला पलंगावर रबरी पुतळा होता. स्वतः पुन्हा झोपायचा धोका सिस्टरांनी पत्करला नाही. दाजी पुतळ्याजवळ गेले, वाकले आणि म्हणाले, "तुम्हाला कुशीवर वळवायचंय. कुठे दुखतंय का?" आणि थांबले. थांबलेच.

"पुढे चला," सिस्टर म्हणाल्या. "पुतळा आहे तो, बोलणार नाही."

"थांबा जरा," दाजी म्हणाले. "आमच्याकडे उत्तर यायला वेळ लागतो."

सिस्टरांनी तिथल्या तिथे 'पास' लिहिलं. आम्हाला यातलं तेव्हा काहीच माहीत नव्हतं. ताई दारात, मी खुर्चीत आणि अप्पा पलंगावर, असे तिघं वाट पाहत होतो. दाजी आले ते चपला न काढता, आमच्याकडे न बघता तडक पलंगाकडे गेले. डावा खांदा तेवढा सांभाळत त्यांनी अप्पांना उचललं आणि छातीशी धरलं.

"अहो, काय झालं?" ताईचा आवाज चिरकला. "पास की नापास?"

उत्तर अप्पांनी दिलं, दाजींच्या खांद्यावरून.

"नापास. आधी सांगितलं नाही."

खाली ठेव मात्र म्हणाले नाहीत.