कॉलरच्या मशीनवरची ओटी

आज माझ्या दुकानात माझ्याशी घासाघीस करून कुणी जिंकत नाही. पण एकदा ऐन वेळी माझं तोंड बंद झालं, तो राग अजून गेलेला नाही.

रबाळ्याच्या कारखान्यात मी शर्टांना कॉलर लावायचे. सुपरवायझर एका कॉलरमागचा नवा रेट सांगायला आला की सगळी लाइन माझ्याकडे बघायची. मी शर्ट त्याच्यापुढे टाकायचे. "घ्या, तुम्हीच लावून दाखवा!" तो चिडायचा, पण वाढवून द्यायचा.

घरी भावाने साताऱ्याकडचं स्थळ आणलं. मी म्हटलं, "लग्नानंतरही मी कामाला जाणार, हे आधी बोलून घे. नाहीतर लग्न नाही."

"भाजी घ्यायला आलीयस का?" तो ओरडला. मीही ओरडले. बोलणं तिथेच अडलं, असं मला वाटलं.

मग तापाने दोन दिवस घरी राहिले. परतले तर माझ्या मशीनवर दुसरीच मुलगी.

सुपरवायझर हसला. "तू कशाला आलीस? भाऊ सांगून गेला ना, लग्न आहे म्हणून."

"साहेब, मी सांगितलं का?"

"भावाने सांगितलं म्हणजे झालं की."

एकेका कॉलरसाठी माझ्याशी तासभर भांडणारा माणूस, आणि भावाला एक प्रश्न विचारला नाही! मी भडकणार, तोवर लाइनीतल्या बायका उठल्या. लग्नासाठी काम सोडणाऱ्या मुलीची ओटी तिच्या मशीनपाशीच भरायची, ही आमची पद्धत. ओटी भरली की ती कारखान्यातून सुटली. कितीजणींच्या ओटीची तयारी मीच केली होती.

"अगं, मी जात नाहीये!"

"लाजते बघा! साहेबाला घाम फोडणारी लाजते!" सगळ्या हसल्या.

काजं करणाऱ्या मावशी नारळ-तांदूळ घेऊन पुढे आल्या. वर शर्टाच्या उरलेल्या कापडाचा ब्लाउजपीस, कडा नीट दुमडून शिवलेला. त्यांचे डोळे भरले होते. सुपरवायझरशी भांडता आलं असतं, भावाशीही. पुढे आलेल्या ओटीला नाही कसं म्हणायचं, ते मला येत नव्हतं. मी ओढणी पसरली.

नारळ ओटीत पडला तशी नवी मुलगी हळूच म्हणाली, "ताई, तुमची ही गादी राहू दे का? स्टूल टोचतं."

जुन्या साडीची ती गादी मी घरून शिवून आणली होती. मी मानेनेच हो म्हटलं. ती गादी सारखी करून बसली आणि तिने माझी अर्धवट राहिलेली कॉलर पुढे ओढली.