सोमवारची गोळी

परळीत पूजेच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या नीलाबाईला गिऱ्हाईकं दबून असायची. ती कुणाला घाबरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पण २००६च्या उन्हाळ्यात बाई पार हबकली.

दाढ काढून तीन महिने झाले तरी जखम भरायचं नाव घेईना. पू यायचा, घास गिळवायचा नाही. एके दिवशी जिभेला काहीतरी खरखरीत लागलं. आरशात बघितलं तर हाड. हिरडीतून उघडं पडलेलं, पिवळट. जन्मभर मिश्री लावलेली बाई ती. कॅन्सरच असणार, दुसरं काय? त्यात शेजारच्या वत्सलाबाईंनी "जबडा कापत्यात म्हणं" असं सांगून आगीत तेल ओतलं.

सून रोहिणी तिला अंबाजोगाईला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, "आजी, कुठली गोळी चालू आहे?"

"एकबी न्हाई." दाढ काढणाऱ्यालाही तिनं हेच सांगितलं होतं.

"आत्या, ती सोमवारची?" रोहिणी हळूच म्हणाली.

"ती व्हय? ती उपासाची हाय."

खोटं बोलत नव्हती बिचारी. चार वर्षांमागं मणका दबला, हाडं ठिसूळ निघाली, म्हणून आठवड्याला एक गोळी लागली होती. उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सोमवारी तिचा कडकडीत उपास असायचाच. आंघोळ, गोळी, मग ताठ बसून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा. होता होता गोळी औषधातून उठली आणि व्रतात जाऊन बसली. आता हिला काय म्हणावं?

डॉक्टरांनी फोटो काढला, तुकडा तपासायला पाठवला. ते आठ दिवस नीलाबाई जिवंतपणी मेली.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले. "त्या गोळीमुळं जबड्याचं हाड भरून येईना झालंय. गोळी बंद. मिश्री सोडा, औषधाच्या गुळण्या करा. आणि आता दुसरी दाढ काढायची नाही. गोळी थांबवली तरी तिचा असर हाडात वर्षानुवर्षं राहतो, तिथंही असंच होईल."

बाईचा विश्वास बसेना. कॅन्सर असला की घरचे लपवतात; नवऱ्याच्या वेळी तिनं स्वतःच लपवला होता. घरी येताच तिनं रोहिणीला समोर बसवलं. "तुझ्या गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठिव. आता सांग."

रोहिणीनं हात ठेवला. "न्हाई आत्या. कॅन्सर न्हाई."

नीलाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लई दिवसांनी तिनं जेवायला मागितलं. दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास चांगल्या बाजूनं चावला, आणि ती थांबली.

"रोहिणी," तिचा आवाज बारीक झाला होता, "हिकडची बी दाढ हलायलीय गं."