पंख धरणाऱ्याने हात जोडू नयेत

बडबड्या माणसांच्या फजितीचे किस्से तुम्ही पुष्कळ ऐकले असतील. आता एका गप्प बसणाऱ्या बाईचा ऐका. माझी फजिती झाली ती बोलल्यामुळे नाही, न बोलल्यामुळे झाली. आणि साधीसुधी नाही, चांगले पाच-सहा महिने चालली.

मी अकोल्याची. लग्न होऊन पुण्यात कर्वेनगरला आले आणि तिसऱ्या महिन्यात कंपनीने सुहासला अमेरिकेला पाठवलं. त्या दिवसांत आमच्या सोसायटीतले नवरे असेच जायचे. लग्नाचे फोटो धुऊन यायच्या आत व्हिसा यायचा. घरात उरलो तिघं: मी, सासूबाई म्हणजे आई, आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सासरे म्हणजे पप्पा.

मी मुळातच कमी बोलते. पुण्यात आल्यावर आणखी कमी बोलायला लागले, कारण इथे बोललं की उत्तर मिळतं. पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्याला विचारलं होतं, वांगी ताजी आहेत का? तो म्हणाला, "नाही, शिळी आहेत. तुमच्यासाठी मुद्दाम ठेवलीत." तेव्हापासून मी बोट दाखवून भाजी घेते.

तर एका सकाळी पेपरात चार ओळींची बातमी वाचली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका मैदानावर ग्लायडर चालवायला शिकवतात, आणि बायकांनाही शिकवतात. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. मैदानाच्या टोकाला एक यंत्र असतं, ते लांबलचक तार गुंडाळत विमान ओढतं, विमान पतंगासारखं वर जातं, वर गेल्यावर तार सोडायची. पुढे तुम्ही आणि हवा.

मी बातमी चार वेळा वाचली. मग आईंना विचारलं, "रविवारचा एक क्लास लावू का?"

"लाव की," आई म्हणाल्या.

आता मला सांगा, त्या काळात पुण्यात क्लास म्हटलं की माणसाला काय आठवणार? गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या पाट्या लागल्या होत्या. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दामलेकाकांना कळलंसुद्धा की आमच्या सूनबाई कॉम्प्युटर शिकणार. मी खोटं बोलले नाही बरं का. मी काहीच बोलले नाही.

तिकडे मैदानावर आमचे सर. पूर्वी विमानदलात होते, आता मिशीपुरता दरारा उरलेला. त्यांचे धडे दोनच. पहिला: नाक खाली. विमान बुडतंय असं वाटलं की माणूस घाबरून नाक वर ओढतो, वेग जातो आणि मग खरंच बुडतो. म्हणून घाबरलात की नाक खाली. दुसरा धडा: हवेला समुद्रासारख्या लाटा असतात. दिसत नाहीत, बुडाखाली जाणवतात. लाटेशी भांडायचं नाही, तिच्यावर बसायचं आणि नेईल तेवढं वर जायचं.

आई रागावल्या की मी हे दोन्ही धडे वापरायचे. नाक खाली, आणि लाट ओसरेपर्यंत हलायचं नाही. सांगते तुम्हाला, सासरी याहून जास्त शिक्षण लागत नाही.

पण लपवाछपवी वाढत चालली. दामलेकाकांनी कॉम्प्युटर घेतला. त्यावर भरतकामाचं कव्हर घातलं, पेढे वाटले आणि सुरू करायला मला बोलावलं. सगळं घर भोवती उभं. मी कॉम्प्युटरच्या त्या टीव्हीसारख्या पडद्याचं मोठ्ठं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. पुढे काही नाही. मी त्या दिव्याकडे बघत राहिले, दामल्यांचं घर माझ्याकडे बघत राहिलं. शेवटी आई म्हणाल्या, "सकाळपासून तिचं डोकं दुखतंय, नंतर बघेल," आणि हाताला धरून मला घरी आणलं. माझं डोकं अजिबात दुखत नव्हतं. मनात म्हटलं, बिचाऱ्या किती भोळ्या.

भोळेपणा इथेच थांबला नाही. एका रविवारी आईंनी माझ्या पिशवीत पप्पांची टोपी आणि एक कांदा घातला. ऊन बाधतं म्हणाल्या. कॉम्प्युटरच्या क्लासला कांदा! मी मुकाट्याने नेला. संध्याकाळी पप्पांनी विचारलं, "आज वारा कसा होता?" मी बेसावध होते, म्हणाले, "पश्चिमेचा." त्यांनी मान हलवली आणि पेपर वाचायला लागले. कॉम्प्युटर शिकून आलेल्या सुनेला वाऱ्याची दिशा कशी ठाऊक, हा प्रश्न त्या भल्या माणसाला पडलासुद्धा नाही. मला दया आली. खरंच आली.

उन्हाळा संपत आला. पावसाळ्यात मैदान बंद, आणि पावसाळा संपला की मी सुहासकडे जाणार. म्हणजे एकटीने विमान न्यायचं तर एकच रविवार उरला होता. सर म्हणाले होते, त्या दिवशी वारा नीट असला तर पाठवतो. मला आठवडाभर दुसरं काही सुचत नव्हतं. शाळेत निबंधस्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस, याखेरीज मी आयुष्यात एकटीने काही मिळवलेलं नव्हतं. हे मला हवं होतं.

शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी पप्पा अर्ज लिहायला बसले. निवृत्त झाल्यापासून महिन्याला एक अर्ज असतोच.

"तुमच्या क्लासला सावलीची सोय आहे का?"

"नाही."

"पिण्याच्या पाण्याची?"

"घरून नेतो."

ते लिहून घेत गेले. हे आता कुठल्यातरी कॉम्प्युटरवाल्याच्या दारात अर्ज घेऊन उभे राहणार! पण त्यांनी पत्ता विचारला नाही. म्हटलं, सुटले.

रविवारी मैदानावर माझा नंबर दुसरा होता. आधी एक इंजिनिअर सरांबरोबर जाणार होते, आणि त्यांचा पंख धरायचं काम माझ्याकडे. ग्लायडरला चाक एकच, त्यामुळे उभा असताना तो एका पंखावर कलतो. कोणीतरी पंखाचं टोक उचलून समतल धरायचं. पंख समतल म्हणजे तयार, पंख खाली म्हणजे थांबा. झेंडेवाला ते बघून यंत्रवाल्याला खूण करतो. पंख सोडायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा नियम.

मी पंख उचलला. तार ताणायला लागली. आणि समोरून, काखेत छत्री, हातात फाइल, असे पप्पा चालत आले.

तुम्ही काय केलं असतं? मी नवी सून. दोन्ही हात आपोआप जोडले गेले. "जय भीम, पप्पा."

"जय भीम," पप्पा म्हणाले. तेही हात जोडणार तर छत्री पडली. आणि इकडे पंख धप्पकन जमिनीवर.

लाल झेंडा, आरडाओरडा, यंत्र बंद. सर मागच्या सीटवरून उतरले. "पंख कोणी सोडला?"

कोणी उत्तर देण्याची गरज नव्हती. माझे हात अजून जोडलेलेच होते.

पप्पा पुढे झाले. "चूक माझी. मी समोर यायला नको होतं." आणि त्यांनी अर्ज सरांच्या हातात ठेवला. सरांनी वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. वर पाठवतो." मग माझ्याकडे वळले. "तुझं आजचं एकटीचं रद्द. खाली पंख सुटतो, वर विमानाचा दांडा सोडलास तर?"

डोळ्यांत पाणी येत होतं. बुडतेय असं वाटलं की काय करायचं? नाक खाली. मी खाली बघूनच बोलले, पण बोलले.

"सर, वर कोणी वडीलधारं भेटणार नाही."

सरांची मिशी हलली. मग म्हणाले, "आधी उतरलेलं विमान दोनदा ढकलत इथवर आण. मग माझ्याबरोबर एक फेरी. त्यात चूक दिसली तर विषय संपला."

मी दोनदा ढकलत आणलं. कुसळांनी सलवार भरली. सरांबरोबरच्या फेरीत त्यांनी मध्येच तार सोडून दिली, मी नाक खाली केलं, वेग घेतला, उतरवलं. सर मागून उतरले, मागचे पट्टे आवळून बांधले आणि म्हणाले, "जा."

पंख धरायला कोण आलं असेल? पप्पा. छत्री बाजूला ठेवून, दोन्ही हातांनी, सरकारी फाइल धरावी तसा त्यांनी पंख धरला होता.

"पप्पा, काही झालं तरी सोडायचा नाही."

"तू नमस्कार करू नकोस म्हणजे झालं."

तार ताणली. पप्पा चार पावलं धावले आणि मागे गेले. वर गेल्यावर तार सोडली आणि एकदम शांत झालं. काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा सरळ उभा होता, म्हणजे विमान सरळ चाललं होतं. बुडाखाली एक छोटीशी लाट आली, तिने मला थोडं वर नेलं. मागच्या सीटवर कोणी नव्हतं. आणि काय करावं मी? मी मोठ्याने बोलायला लागले. काय बोलले ते सांगणार नाही, पण थांबले ती चाक जमिनीला लागल्यावर.

घरी येईपर्यंत स्कूटरवर आम्ही दोघंही गप्प. मला वाटत होतं, पप्पांना धक्का बसलाय. आता आईंना कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत मी दार ढकललं, तर आतून शिऱ्याचा वास.

"झालं का एकटीचं?" आई म्हणाल्या.

मी दारातच उभी. मग कळलं. सुहासला मी चार महिन्यांपूर्वी सायबर कॅफेतल्या पोराकडून ईमेल करवून सगळं कळवलं होतं, कोणाला सांगू नकोस अशी शपथ घालून. त्याने त्याच रविवारी फोनवर सांगून टाकलं होतं. टोपी, कांदा, वारा, अर्ज, सगळं माहीत असून चाललं होतं. भोळं त्या घरात एकच माणूस होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलायची वाट बघत होतो," पप्पा म्हणाले. "अर्ज लिहिताना पण संधी दिली होती."

आईंनी शिऱ्याची बशी पुढे केली. "ते सोड. उद्याच्या उद्या खऱ्या कॉम्प्युटर क्लासला नाव घाल. दामल्यांकडे तुझं डोकं किती दिवस दुखवू मी?"

गेले. सोमवारी कोपऱ्यावरच्या क्लासमध्ये मास्तरांनी फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, याआधी काही शिकलात का?

सगळं अगदी ओठांवर आलं होतं हो. पण मी गप्प बसले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कालच्याच सलवारीला चिकटलेला विमानाच्या काचेवरचा लोकरीचा धागा बघितला, आणि फॉर्मवर लिहून टाकलं: विणकाम.