बारा व्हॉल्व्ह आणि एक जावई

कोणता व्हॉल्व्ह चांगला आणि कोणता बाद, हे मला नुसत्या कानाने कळतं, असं मी वडवणीत सहा महिने सांगत होतो. शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे लोक ऐकूनही घेत होते.

व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या ॲम्प्लिफायरमधल्या काचेच्या नळ्या. मशीन चालू केलं की त्यांच्या आत लालसर उजेड दिसतो आणि हात लावला तर चटका बसतो (हे मला तीनदा कळलं). मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून मला हे खूळ लागलं. व्हॉल्व्हचा आवाज म्हणे उबदार असतो. वडवणीच्या उन्हाळ्यात आणखी ऊब कुणाला हवी, असं बायकोने विचारलं, ते मी कानाआड केलं.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, चकलांब्याचे. पंचक्रोशीतल्या लग्नांत चाळीस वर्षं त्यांचाच लाऊडस्पीकर वाजला. सासूबाईंच्या आवाजातली देवीच्या आरतीची एक कॅसेट त्यांच्यापाशी आहे. सासूबाई गेल्यापासून दर खांडेनवमीला, अवजारांच्या पूजेच्या वेळी, मामा ती कॅसेट आपल्या त्या जुन्या ॲम्प्लिफायरवर लावायचे. गेल्या वर्षी ॲम्प्लिफायर बंद पडला. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. हे सांगताना बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी छाती काढून म्हणालो की यंदा आरती वाजणार, आणि आपल्याच घरी वाजणार.

मामा ॲम्प्लिफायर घेऊन आले. सोबत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात कापसात गुंडाळलेले बारा व्हॉल्व्ह. "ह्यातले दोन बदलायचे, सारख्या ताकदीचे. बाकी मशीन ठीक हाय. बगा, कोनते दोन ते..." एवढं ते बोलले आणि मी हात वर करून त्यांना थांबवलं. "मामा, तुम्ही निवांत राहा. मला कानानं कळतंय."

मामा निवांत राहिले.

डब्यात सहा व्हॉल्व्ह लख्ख होते, आणि उरलेल्या सहांच्या बुडाला लाल, जाड खपली चढली होती. गंज, असं निदान करून मी ते बाजूला ठेवले. (व्हॉल्व्हचं बूड लोखंडाचं नसतं आणि गंज फक्त लोखंडाला चढतो. हे मी दर वर्षी पोरांना शिकवतो.) मग लख्ख सहांतून जोडी निवडायला बसलो. आठ दिवस रोज संध्याकाळी दोन-दोन घालून ऐकायचं आणि काचेवरचा आकडा लिहून वहीत शेरा मारायचा. 'आवाज उबदार.' 'खर्ज मधासारखा.' एका जोडीचा आवाज तर असा थरथरला की मी लिहिलं, 'भावपूर्ण'. बायको आतून म्हणाली, "आवाज फाटतोय तुमचा." मी तिला शांतपणे समजावलं की फाटका आणि उबदार यांतला फरक ओळखायला कान तयार लागतो. ही बाई लाऊडस्पीकरवाल्याच्या घरात लहानाची मोठी झाली, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आलं नाही.

तेवढ्यात नवरात्र आलं. घट बसायच्या आधी आमच्याकडे सगळं घर धुऊन निघतं. गोधड्या, भांडी, फळ्या, डबे, जे धुतलं नाही ते दसऱ्यापर्यंत अंगणात. बायकोने बिस्किटांच्या डब्याकडे नुसतं बोट केलं. अंगणात मांजरं, म्हणून मीच बारा व्हॉल्व्ह घेऊन नळाखाली बसलो. भांड्याच्या घासणीने ती लाल खपली कण न् कण काढली. काचेवरचे आकडेही त्याबरोबर गेले. सगळे सुपात वाळत घातले, तर बाराच्या बारा सारखेच चमकत होते. मला फार बरं वाटलं.

अष्टमीला मामा पुन्हा आले, या वेळी मुक्कामाला. आल्या आल्या त्यांनी डबा उघडला आणि एकेक व्हॉल्व्ह उलटा करून बघितला.

"कुंकू कुठाय?"

"कसलं कुंकू, मामा?"

"आरं, दर खांडेनवमीला मी चालू व्हॉल्व्हला कुंकू लावतो. बाद झाला की त्याचं पुसून टाकतो. ज्याच्या बुडाला कुंकू, त्यो चांगला. लई वरसाचं कुंकू व्हतं त्ये."

"आणि ते लख्ख होते ते?"

"त्ये समदे बाद. फेकू वाटंना, म्हणून ठिवले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वही लपवायला गेलो, तर ती बायकोच्या हातात होती आणि ती वाचत होती, "खर्ज मधासारखा." मामा रागावले नाहीत. डब्याचं झाकण लावून भिंतीला टेकून बसले, आणि तेच मला जास्त लागलं.

खांडेनवमीला सकाळीच मी मशीनपुढे बसलो आणि एकेक व्हॉल्व्ह घालू लागलो. बायको स्वयंपाकघरात पाठमोरी पुरण वाटत होती, तिथूनच निकाल देत होती. बाद. बाद. हा ठेवा. बाद. मान वळवून बघितलंसुद्धा नाही तिने. दुपारपर्यंत सहा चांगले वेगळे झाले आणि त्यातले सारख्या ताकदीचे दोनही तिनेच सांगितले. मी फक्त बोटं भाजून घेतली.

कॅसेट लावली. सासूबाईंचा आवाज आला, स्वच्छ, मागे आरतीचं ताट ओवाळताना वाजणाऱ्या बांगड्यांसकट. बायको पुरणाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मामा डोळे पुसत राहिले, आणि नंतर तीन पुरणपोळ्या जेवले.

मशीन गार झाल्यावर मामांनी कुंकवाची डबी उघडली. ॲम्प्लिफायरला लावलं, कॅसेटला लावलं, सहा व्हॉल्व्हच्या बुडांना लावलं. माझ्या स्कूटरला लावलं. आपल्या मुलीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कपाळाला लावलं आणि कौतुकाने तिच्या दोन्ही कानांनाही बोट टेकवलं. मग मी पुढे होऊन मान वाकवली.

मामांनी माझ्याकडे बघितलं, आणि डबीचं झाकण लावलं.

"पाव्हणं, तुमाला म्हाईतच हाय. चालू मालालाच लावायची पद्धत हाय आपल्यात."

मी गुपचूप जाऊन उरलेल्या सहा व्हॉल्व्हशेजारी बसलो. आम्ही सातही जण लख्ख दिसत होतो.