मजेत हाय जी

आमच्या वऱ्हाडात फोनवर तब्येत विचारली की माणूस "मजेत" म्हणतो. अंगात ताप असो, पाय प्लास्टरात असो, मजेतच. दुखणं घरच्या माणसाला सांगायचं, दूरच्याला उगाच घोर कशाला? माझे बाबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आणि ही रीत पाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

लहानपणी ही थाप खपायची नाही. अकोटजवळच्या आमच्या गावात एक म्हातारे डॉक्टर होते. लुनावर यायचे, चपला काढून थेट चुलीपाशी बसायचे. "अर्धी भाकर टाकली अन् म्हणते मजेत हाय. लबाड कुठला," असं बाबांना झापत सुई उकळायला लावायचे. त्यांच्या अंगाचा तो स्पिरिटचा वास मला अजून आवडतो. फार आठवण येते त्यांची. पण खोटं कशाला बोलू? एकदा ते लग्नाला परगावी गेले असताना माझ्या आत्याच्या छातीत कळ आली, आणि अकोटच्या वाटेवर, जीपमध्येच ती गेली.

मागच्या दिवाळीत मी अमरावतीहून माहेरी गेले होते. दुपारी बाबा ताटावरून उठले ते घामाने निथळतच. माय आणि मी त्यांना गावच्या आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीने छातीला वायरी लावून ईसीजी काढला, मोबाइलवरून अकोल्याला पाठवला. थोड्या वेळात स्क्रीनवर तिथले हृदयाचे डॉक्टर आले.

"काका, छातीत दुखतंय का?"

बाबांनी वायरींसकट हात जोडले. "जय भीम साहेब. नाई जी, मजेत हाय. तुमचं जेवण झालं काय?"

माझं डोकंच फिरलं. डॉक्टर म्हणाले, "ईसीजीत अजून नक्की काही दिसत नाही. झटका असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच, लगेच द्यावं लागेल. पण नसेल, तर त्यानेच मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दुखत नसेल तर जरा थांबून पाहू."

थांबून काय पाहणार, कपाळ? बाबांचे ओठ काळवंडले होते. आम्हाला ते दिसत होतं, पण त्या स्क्रीनवर सगळ्यांचेच ओठ तसे दिसतात. त्या भल्या माणसाचा काय दोष? त्याच्यापर्यंत फक्त बाबांचा शब्द पोचत होता, आणि तो शब्दच खोटा होता.

माय आयुष्यभर नवऱ्यापुढे मोठ्याने बोलली नव्हती. ती पुढे झाली. "ते काही पाव्हणे नाईत, डॉक्टर हायत. त्याइले मजेत काहून सांगून रायले? माह्यं कपाळ पांढरं करता काय?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे.

"दुखून रायलं, साहेब," ते म्हणाले. "सकाळपासून लय दुखून रायलं."

उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून हे मी ऐकलं नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं. दुसरा ईसीजी काढला, त्यात झटका स्पष्ट दिसला. डॉक्टर अकोल्याहून सांगत होते आणि डॉक्टरीण इंजेक्शन देत होती. मग ॲम्ब्युलन्स निघाली. वाटभर मला आत्या आठवत होती. बाबांचा श्वास चालू आहे ना, एवढंच मी पाहत होते.

वाचले बाबा. आता ते गावी असतात, मी इकडे अमरावतीत शाळेत शिकवते. परवा फोन केला आणि सवयीने तब्येत विचारली.

"तब्येत बरी हाय," बाबा म्हणाले. "पण बाई, तुह्यावाचून करमून नाई रायलं. ये एकदा."

मी शाळेत रजा कळवली आणि मिळाली ती एसटी धरली.