पत्र्याच्या घरातली ऊब

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोक म्हणता येणार नाही. मी मुरबाडचा गवंडी. पाणी आत आलं म्हणजे कुठेतरी फट आहे, इतका साधा हिशोब. इथले बाकीचे अनुभव वाचून लोक घाबरतात, पण माझ्या अनुभवात घाबरण्यासारखं काही नाही. त्या घरात मला भीती कधी वाटलीच नाही. वाटली ती लाज... आणि तीच अजून जात नाही.

टोकावड्याच्या पुढे माळशेज रस्त्याला लागून माझ्या आत्याचं घर होतं. कारवीच्या काठ्यांच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं, वर कौलं आणि कौलांखाली माळ्यावर भाताचा पेंढा. पाचवी ते सातवी मी तिच्याकडे राहून शिकलो. थंडीत डोंगरावरून असा गारठा उतरायचा की सकाळी हंड्यातलं पाणी हाताला चावायचं. पण आत चूल विझून सगळी रात्र उलटली तरी कुडाला पाठ लावली की ऊब लागायची.

दोन हजार सालच्या आसपास माझा धंदा नुकता जम धरत होता. एसट्या, जीपगाड्या, सगळं आत्याच्या दारावरून जायचं. तिथे पक्कं घर उभं राहिलं तर माझं काम चार लोकांना दिसेल — खरं कारण हे. तिला मात्र म्हणालो, "आत्या, दर वर्षी लिंपायला आता होतं का तुला? कुडातून विंचू निघतात."

"निघंनात का. थंडीचं बरं असतं रे यात."

"थंडीला काय, एक गोधडी वाढव!" मी हसलो. ती पण हसली. माझ्या शब्दाला ती कधी नाही म्हणायची नाही.

जुनं पाडून मे महिन्यात नवं घर उभं राहिलं. विटांच्या भिंती, गुळगुळीत प्लास्टर, खाली सिमेंटचा कोबा, वर सिमेंटचे पत्रे. रस्त्याकडच्या भिंतीवर मी माझं नाव मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं. एक काम तेवढं राहिलं. पत्र्याला लाटांसारख्या नळ्या असतात, त्यामुळे पत्रा भिंतीवर टेकतो तिथे प्रत्येक नळीखाली मूठभर फट राहते. त्या फटी सिमेंटने भरायच्या असतात. अर्ध्या दिवसाचं काम. पण पाऊस तोंडावर आला होता, दुसरीकडे काम धरलं होतं... म्हटलं, नंतर बघू.

दिवाळीनंतर तिचा निरोप आला, दूधवाल्याबरोबर. मी "येतो" म्हणून सांगितलं. मग एका बाजाराच्या दिवशी ती स्वतःच मुरबाडला आली.

"रमेश, पहाटचा तोंडावर वारा येतो रे. पत्र्यातनं पानी पन ठिबकतं."

"ते गळत नाय आत्या, दहिवर धरतं पत्र्याला, दवाचं पाणी ते."

"जे काय असंल ते. तेवढी भोकं बुजवून दे."

"या आठवड्यात नक्की येतो."

नाही गेलो. त्यानंतर तिने निरोप पाठवला नाही, नुसत्या वालाच्या शेंगा पाठवल्या पिशवीभर. आम्ही त्या उकडून खाल्ल्या.

जानेवारीत तिला ताप आला, छाती भरली. दवाखान्यात चौथ्या दिवशी वारली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, थंडी बाधली.

तिचे दिवस व्हायचे होते म्हणून मी आणि मंगल — आत्याची एकुलती एक मुलगी, खर्डीला दिलेली — घर आवरायला गेलो. आत शिरलो आणि माझं लक्ष वर गेलं. फटींमध्ये जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासून भरलेल्या. सत्तरीची बाई, खुर्चीवर चढून एकेक फट बुजवत गेली होती. हात पोचला तिथपर्यंतच. वर, पत्रा उंच चढत जातो तिथल्या फटी तशाच होत्या, त्यातून आभाळ दिसत होतं.

दुपारी पाहुणे यायचे होते. मंगल पाण्याला गेलेली बघून मी खुर्चीवर चढलो आणि सगळ्या चिंध्या उपसून काढल्या. माझं अर्धवट काम कुणाच्या नजरेत यायला नको म्हणून. हे आजपर्यंत मी बायकोला सांगितलेलं नाही.

जूनमध्ये ते घर शाळेच्या नव्या गुरुजींना भाड्याने दिलं. साताऱ्याकडचे, बायको आणि चार महिन्यांचं बाळ. पुढे डिसेंबरात ते मला बाजारात भेटले आणि म्हणाले, "काय घर बांधलंय हो तुम्ही! थर्मास आहे नुसता."

मला वाटलं, टोमणा मारतायत. मान खाली घालून म्हणालो, "गुरुजी, फटी भरून देतो लवकरच."

"अहो, खरंच सांगतोय! आमच्या गावच्या दगडी घरात एवढी ऊब नसते. बाळ अंगावरचं काढून टाकतं."

माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मोटारसायकल काढून गेलो. शेजारच्या पत्र्याच्या घराला दहिवराच्या धारा लागल्या होत्या, आतली माणसं शेकोटीला बाहेर येऊन बसलेली. मी आत्याच्या घरात पाऊल टाकलं... आणि अंगावर ऊब आली. भाकऱ्या नुकत्या आटोपल्यावर चुलीजवळ असते ना, तशी. पण घरात चूलच नव्हती, गुरुजींकडे गॅस. तोही अजून पेटवलेला नव्हता. बाळ उघडं झोपलेलं.

गुरुजींनी शाळेतला थर्मामीटर आणून ठेवला होता. दारात नऊ, आत एकवीस. "शेजारी पण मोजलं," ते म्हणाले, "तिथे बाराच्या वर जात नाही. तुम्ही भिंतीत काय घातलंय?"

भिंतीत काय घातलंय ते मीच घातलेलं. विटा आणि सिमेंट. त्यात रात्रभर ऊब धरून ठेवणारं काहीही नव्हतं. वर बघितलं, तर सगळ्या फटी उघड्या. उदबत्ती पेटवून खुर्चीवर चढलो. धूर सरळ आत ढकलला जात होता. म्हणजे बाहेरचा वारा आत येत होता! बोटांना गार लागला, तोही कळला. आणि खाली उतरलो की ऊब. भिंतीवर तळहात ठेवला तर ती कोमट होती. माणसाची पाठ असते तशी कोमट.

मी बाहेर आलो आणि बांधावर बसून रडलो. गुरुजींना वाटलं, आत्याची आठवण आली.

त्याच रविवारी सिमेंट, वाळू आणि थापी घेऊन गेलो. एकेक फट भरली, वरपर्यंत. वाटलं, उशीर झाला पण एकदाचं तिचं काम केलं. खूप हलकं वाटलं त्या संध्याकाळी.

मंगळवारी गुरुजी सकाळीच माझ्या दारात. "काय केलंत हो तुम्ही? घर बर्फ झालंय. बाळाला सर्दी झाली."

जाऊन बघितलं. एक फट उरली नव्हती, वारा बंद, आणि थर्मामीटर बारावर. भिंत भिंतीसारखी गार. पत्र्याखाली दहिवराचे थेंब. मी प्लायवूडचं सीलिंग ठोकून दिलं, त्याने थोडा फरक पडला. पण ती ऊब काही परत आली नाही. त्या थंडीत नाही, पुढच्याही नाही.

मी किती तरी वेळा विचार केला. काम झालं म्हणून ती निश्चिंत होऊन गेली? की मी दुसऱ्यांदा तिला त्या घरातून घालवलं?

चार वर्षांनी मंगलचं घर दुरुस्त करायला खर्डीला गेलो होतो. जेवताना राहवलं नाही, तिला सगळं सांगितलं — निरोप, शेंगा, चिंध्या, ऊब, सगळं. वाटलं, ताटावरून उठवेल. ती बराच वेळ भाताशी खेळत राहिली.

"मला पन बोलली होती आई," ती म्हणाली. "खर्डीला येऊ का थंडीपुरती, म्हनून. मी म्हटलं, सासूबाई हायेत, जागा नाय. संक्रांत झाली का बघू."

मग तिने विचारलं, "गुर्जींच्या पोराला लागली ना पन ऊब?"

"लागली."

"किती दिवस?"

"मी फटी बुजवल्या तोपर्यंत."

ती उठली आणि हात न धुताच मागच्या दारी जाऊन उभी राहिली.

बांधकामातले जाणकार इथे असतील तर त्यांनी जरूर सांगावं, उघड्या फटींच्या पत्र्याच्या घरात रात्रभर ऊब कशी राहते.